जकात नाक्यावरची हवा

सकाळी साडेसहाला शहरात येणाऱ्या गाड्यांची रांग जुन्या जकात नाक्यावर जाऊन उभी राहायची. ती तिथेच उभी राहावी हे ठरवणारी यंत्रणा नीलाक्षी तवटे सांभाळत होती. त्याच वेळी तिचे वडील त्याच नाक्यावरच्या बागेत चाळीसेक निवृत्त माणसांना दीर्घ श्वास घ्यायला लावत होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे दोन वर्षं कुणाच्याही लक्षात आलं नाही. नीलाक्षीच्याही नाही.

यंत्रणेचं नाव नाडीजाल. तिच्यामागचा विचार साधा होता. चौकाचौकात सगळ्यात जास्त घाण साचते ती गाड्या ब्रेक मारतात, इंजिन चालू ठेवून उभ्या राहतात आणि पुन्हा निघतात तिथे. शहरात सकाळी येणारी वाहनं आतले रस्ते एकदम गिळू शकत नाहीत. ती कुठेतरी थांबणारच. मग कुठे थांबवायची, एवढाच प्रश्न उरतो. पूर्वी हे कुणी ठरवत नव्हतं. कोंडी जिथे व्हायची तिथे व्हायची, आणि त्या चौकात राहणाऱ्यांनी ती सोसायची.

निम्म्या गाड्या विजेवर आल्या तरी प्रश्न सुटला नव्हता. वाळूचे डंपर, उसाचे ट्रॅक्टर, जुने टेम्पो डिझेलवरच चालत होते, आणि विजेची गाडीसुद्धा ब्रेक आणि टायर झिजवतेच. त्यातून उडणारे सगळ्यात बारीक कण केसाच्या जाडीच्या शतांशाहूनही बारीक असतात. ते नाकात अडकत नाहीत, खोकल्याने बाहेर पडत नाहीत. फुप्फुसाच्या तळाशी पोचतात, तिथे दाह सुरू करतात, काही थेट रक्तातही उतरतात. तासा-दोन तासांत बारीक रक्तवाहिन्या आवळतात. हे रोज घडत राहिलं की धमन्या कडक होतात. नवी रबरी नळी उन्हात पडून राहिली की होते, तशा.

कडक धमनी ओळखता येते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर एक लहर निघते, दूरवर जाऊन आपटते आणि परत येते. धमनी लवचीक असेल तर लहर रमतगमत येते. कडक असेल तर घाईने येते आणि अजून पुढे जात असलेल्या लहरीवरच चढते. मनगटावरची एक पातळ पट्टी ही लहर वाचायची. शहरातल्या हजारो लोकांनी स्वखुशीने अशा पट्ट्या बांधल्या होत्या. कुठल्या वस्तीतल्या धमन्या आवळल्या आहेत हे पाहून नाडीजाल सिग्नलच्या वेळा बदलायचं आणि रांग दुसरीकडे सरकवायचं. ज्यांचं हृदय आधीच कमजोर, त्यांच्या पट्टीला वजन जास्त.

एक अट होती. कोण कुठे हिंडतो याची नोंद ठेवायला कायद्याने बंदी होती. त्यामुळे पट्टी दिवसभराची गोळाबेरीज रात्री एकदाच पाठवायची, आणि ती त्या माणसाच्या घरच्या पत्त्यावर जमा व्हायची.

दोन वर्षांत शहरातले हृदयविकाराचे झटके जवळपास पंचमांशाने घटले. नियंत्रण कक्षाचे प्रमुख जोगदंड साहेब यांनी हा आकडा मोठ्या अक्षरांत प्रवेशद्वारासमोरच्या भिंतीवर लावून घेतला.

रांगेसाठी जकात नाका निवडला गेला यात नवल नव्हतं. जकात होती तेव्हा मालमोटारी तिथेच थांबायच्या, म्हणून रस्ता चांगला रुंद. जकात गेली, नाका पाडला, आणि तीन रस्त्यांच्या मधल्या त्रिकोणात महापालिकेने बाग केली. नकाशावर तो त्रिकोण हिरवा होता. तिथली लोकसंख्या शून्य.

नीलाक्षीचे वडील भालचंद्र तवटे याच नाक्यावर कारकून होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. निवृत्तीनंतर त्यांनी बागेत प्राणायामाचा वर्ग सुरू केला, आणि नाडीजाल आल्यावर वर्गातल्या प्रत्येकाच्या मनगटावर पट्टी चढवली. "माझी पोरगी आहे तिथे," ते सांगायचे. "आपल्या नाडीवर शहर चालणार आहे. कचरू नका." वर्गातले बहुतेक जण त्यांच्याच कासार गल्लीतले. कुणी कचरलं नाही.

*

"तुमच्या अण्णांचं मला काही कळेना झालंय," डॉक्टर हेर्लेकर बाई म्हणाल्या. अण्णांना दोन स्टेंट घालून चार वर्षं झाली होती. त्यांची लहर पडद्यावर दिसत होती. दर दहा-बारा ठोक्यांनंतर एक ठोका अडखळायचा. "औषधं वेळेवर, खाणं ताब्यात, रोज चालणं, प्राणायाम. आणि धमन्या वर्षागणिक कडक. घराजवळची हवा बघा एकदा."

"मॅडम, ती माझ्यासारखी कुणी बघत नाही," नीलाक्षी म्हणाली.

ते खरं होतं. कासार गल्लीचं कोडं नियंत्रण कक्षाला ठाऊक होतं. गल्लीच्या तोंडावरचं हवामापक यंत्र शहरातली सगळ्यात स्वच्छ हवा दाखवायचं, आणि गल्लीतल्या पट्ट्या सगळ्यात वाईट धमन्या दाखवायच्या. कक्षात एक ठरलेलं वाक्य होतं: यंत्र गंजेल, नाडी गंजत नाही. म्हणून नाडीजाल पट्ट्यांवर विश्वास ठेवून गल्लीजवळून आणखी गाड्या काढून घ्यायचं. आता सकाळी गल्लीच्या तोंडाशी क्वचित एखादी रिक्षा दिसे.

याचा सगळ्यात मोठा फायदा नीलाक्षीच्या आईला झाला होता. दोन झटक्यांनंतर आईचं हृदय जेमतेम काम करत होतं. ती दिवसभर पुढच्या खोलीत, खिडकीला लावलेल्या पलंगावर असायची. खिडकीबाहेर गल्लीचं तोंड. भाजीवालीशी भाव, शाळेला निघालेल्या पोरांना हाका, समोरच्या सुनेची चौकशी, सगळा कारभार त्या खिडकीतून चालायचा.

"अण्णा आजही कोट घालून गेले बागेत," आई सांगायची. "म्हाताऱ्यांना श्वास घ्यायला शिकवतात. एवढी वर्षं ती माणसं काय करत होती देव जाणे."

*

मार्चमध्ये पाटसकर सर गेले. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, अण्णांचे जिवलग. वर्ग संपल्यावर बाकावर बसले ते उठलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बागेतच शोकसभा ठेवली होती. नीलाक्षी त्या वेळी रोज कामावर असायची. दोन वर्षांत पहिल्यांदाच ती त्या वेळी बागेत आली.

अण्णांनी दोन मिनिटं शांत उभं राहायला सांगितलं. सगळे गप्प झाले, आणि मग आवाज ऐकू आला. तो आधीपासूनच होता. बागेच्या तिन्ही बाजूंना इंजिनं घरघरत होती. कुंपणापासून हाताच्या अंतरावर डंपर उभा होता, त्यामागे सिमेंटचा मिक्सर, त्यामागे नजर पोचेल तिथवर टेम्पो. सिग्नल सुटला, सगळे पुढे सरकले, पुन्हा ब्रेक लागले. बोगनवेलीची पानं राखाडी होती.

"आता सरांसाठी पाच दीर्घ श्वास," अण्णा म्हणाले. "सावकाश. पोटापर्यंत जाऊ द्या."

चाळीस छात्या फुगल्या. चाळीस मनगटांवर पट्ट्या होत्या. नीलाक्षीने स्वतःचा श्वास रोखून धरला होता हे तिला जरा उशिरा समजलं.

*

दुपारी तिने अण्णांना स्वयंपाकघरात गाठलं. आई पुढे झोपली होती. नीलाक्षीने आवाज खाली ठेवून सगळं सांगितलं. अण्णा मुलीचं बोलणं मध्ये न तोडता ऐकणाऱ्यांतले नव्हते, पण या वेळी ऐकत राहिले.

"म्हणजे आम्ही धूर खातो तिथे," ते शेवटी म्हणाले, "आणि तुझ्या यंत्राला वाटतं की आम्ही इथे घरात गुदमरतोय."

"हो."

"म्हणून इथल्या गाड्या तिथे पाठवतं."

"हो. तुम्ही जितके बिघडता तितक्या जास्त. पाटसकर सरांची पट्टी तर… फार वजनाची होती."

अण्णा ओट्यावरचं भांडं उगाच सरळ करत राहिले. "आणि आम्ही जायचं बंद केलं तर?"

नीलाक्षीला खोटं सांगता आलं असतं. "तुमच्या धमन्या सुधारतील. महिन्याभरात यंत्रणेला वाटेल, कासार गल्ली आता बरी आहे. थोडी रांग इकडे वळेल."

"इकडे म्हणजे कुठे?"

"गल्लीच्या तोंडाशी."

पुढच्या खोलीत आई खोकली. अण्णांनी तिकडे पाहिलं.

"बरं," ते म्हणाले. "उद्यापासून नाही जात. सगळ्यांना शाळेच्या मैदानावर नेतो."

नीलाक्षीने जोगदंड साहेबांना सविस्तर टिपण दिलं. त्यांनी ते वाचलं, चांगलं आहे म्हणाले, आणि पुढच्या तिमाही बैठकीच्या विषयपत्रिकेत टाकलं.

*

एप्रिलच्या मध्यावर इरफानने तिला हाक मारली. इरफान पट्ट्यांची माहिती तपासायचा.

"मॅडम, तुमच्या गल्लीवाल्यांचं बघा. चाळीस जणांतले बहुतेक सुधारलेत. मैदान मानवलं म्हाताऱ्यांना. पण हे सहा जण सुधारायच्या ऐवजी घसरलेत. सहाच्या सहा हृदयरोगी, म्हणजे वजन भारी. यांच्याच जोरावर गल्ली अजून लाल आहे."

"जुने रोगी असतील. उशीर लागतो."

"तसंच वाटलं मला. मग मी सहाही लहरी एकावर एक ठेवल्या."

पडद्यावर सहा रेषा असायला हव्या होत्या. एकच होती, जरा जाड.

"पट्ट्या बिघडल्या असतील," नीलाक्षी म्हणाली.

"सहा पट्ट्या बिघडल्या तर सहा तऱ्हांनी बिघडतील ना, मॅडम. लहर म्हणजे अंगठ्याचा ठसा. सख्ख्या भावांची जुळत नाही." इरफान हसला. "एक तर गल्लीत सहा जुळे आहेत, नाहीतर सहा नावांमागे हृदय एकच आहे."

नीलाक्षी रेषेकडे बघत होती. दर दहा-बारा ठोक्यांनंतर एक ठोका अडखळत होता. तिला अण्णांचा पूर्ण बाह्यांचा शर्ट आठवला. एवढ्या उन्हाळ्यात, आणि घरातही. आईने विचारलं तेव्हा म्हणाले होते, ऊन लागतं.

*

ती बागेत पोचली तेव्हा अण्णा बोगनवेलीजवळच्या बाकावर एकटेच, पाठ ताठ करून, डोळे मिटून बसले होते. पलीकडे उसाचे दोन ट्रॅक्टर ताटकळत होते.

"अण्णा, हात दाखवा."

त्यांनी डोळे उघडले. सबब सांगावी की नाही याचा क्षणभर विचार केला, मग दोन्ही बाह्या वर सारल्या. दोन्ही हातांत तीन-तीन पट्ट्या. कासाराने नुकत्याच भरून दिल्यासारख्या.

"कुणाकुणाच्या?"

"एक माझी. बाकी बाबूराव, नाईक, थोरले डांगे… जाऊ दे. त्यांना बोल लावू नकोस. मी मागितल्या. म्हटलं, हिच्या खिडकीसाठी हव्यात. कुणी पुढे विचारलं नाही."

"त्यांना बरं वाटावं म्हणून तुम्ही मैदानावर पाठवलंत, आणि स्वतः इथे येऊन बसलात."

"एकट्यानं भागतंय तर चाळीस जण कशाला?"

"तुमच्या हृदयात दोन स्टेंट आहेत."

"म्हणून तर माझी लहर उपयोगाची. कमजोर हृदयाला वजन जास्त, असं तूच म्हणालीस." ते हे वाद घालायला म्हणत नव्हते, हिशोब नीट समजला आहे ना, याची खात्री करून घेत होते. "नीलू, मी उभा जन्म इथे गाड्या अडवल्या. धूर तेव्हाही खाल्लाच की. आता निदान कुणाच्या तरी उपयोगी पडतोय."

नीलाक्षी बाकावर त्यांच्याशेजारी बसली. तिचा राग कुठे ठेवावा हे तिला कळत नव्हतं. तिने एकेक पट्टी सोडवायला घेतली. खालची कातडी पांढरी पडली होती. अण्णांनी हात मागे घेतला नाही. पण त्यांना धाप लागली होती, आणि ते नुसते बसून होते.

*

जोगदंड साहेबांनी जाड रेषा बघितली आणि त्यांना हायसं वाटलं.

"म्हणजे फसवणूक आहे. मग प्रश्नच मिटला. सहा पट्ट्या रद्द करा."

"रद्द केल्या तरी यंत्रणेला वाटतच राहील, बागेत कुणी नाही. उद्या तिथे दुसरा वर्ग बसेल. बसस्थानकावर माणसं उभी असतात, मंडईत बसतात. आपल्या लेखी ती सगळी आपापल्या घरी आहेत."

"तुमचं म्हणणं काय?"

"माणसं जिथे असतात ती जागा मोजायची. नाव नको, नुसती डोकी. आणि रांग एकाच जागी किती वेळ उभी ठेवायची, याला मर्यादा घालायची. जरा-जरा सगळीकडे."

"जरा-जरा सगळीकडे म्हणजे आपला आकडा खाली येणार." साहेबांनी काचेपलीकडच्या भिंतीकडे पाहिलं. "पंचमांश राहणार नाही."

"तो पंचमांश घरी असणाऱ्यांचा होता, सर. पाटसकर सर त्यात घरीच होते."

साहेबांनी तिचं नवं टिपण हातात घेतलं. पान उलटून म्हणाले, "यात तुमच्या वडिलांचं नाव आहे. मी काढून टाकू शकतो."

"नको. काढायचा असेल तर पत्ता काढा, सगळ्यांचाच. चूक त्यातच आहे."

"आणि तुमच्या गल्लीच्या तोंडाशी रोज रांग लागेल. हे गृहीत धरलंय ना?"

"तोंडाशी आमचंच घर आहे," नीलाक्षी म्हणाली, आणि खाली सही केली.

*

आईला सांगणं बाकी होतं. बाप-लेक पलंगाशी उभे राहिले. नीलाक्षीने सांगायला सुरुवात केली, मध्येच अण्णांनी पुढचं सांगितलं, पुन्हा नीलाक्षीने. आईने दोघांना शेवटपर्यंत बोलू दिलं.

"म्हणजे माझ्या खिडकीतली हवा दोघांनी मिळून ठरवलीत," ती म्हणाली. "एकाने यंत्रातून, एकाने बाकावर बसून. मला कुणी विचारलं?"

"तुला काळजी नको म्हणून…" अण्णा म्हणाले.

"काळजी करायला हृदय लागत नाही. डोकं लागतं, आणि ते माझं चालतं अजून." तिला दम लागला. ती थांबली, पण कुणाला मध्ये बोलू दिलं नाही. "तुम्ही त्या बाकावर गेला असतात पाटसकरांसारखे, तर या स्वच्छ खिडकीतून मी बघणार काय होते? तुमची तिरडी?"

अण्णांनी पलंगाच्या पायाशी बसून तिच्या पावलांवरची चादर नीट केली.

"किती वेळ असणार रांग?" आईने मुलीला विचारलं.

"सकाळी अर्धा तास."

"मग अर्धा तास मी मागच्या खोलीत राहीन. पलंगाला चाकं लावा. आणि तो शर्ट टाका तिकडे, उकाड्याने जीव गेला माझा बघून बघून."

*

नवी पद्धत जूनपासून लागू झाली. जकात नाक्यावरची रांग चौथ्या हिश्श्यावर आली. बाकीची शहरभर विखुरली: अधिकाऱ्यांच्या बंगल्यांसमोर थोडी, मोठ्या दवाखान्याला वळसा घालून थोडी, कासार गल्लीच्या तोंडाशी थोडी. पहिल्या आठवड्यात तक्रारींचा पाऊस पडला. कासार गल्लीतूनही पडला. त्यात बाबूराव होते. भिंतीवरचा आकडा उतरवून तिथे शहराचा नकाशा लावला. अण्णांना धाप लागायची थांबली, पण धमन्या पूर्वीसारख्या झाल्या नाहीत. कडक झालेलं सगळंच परत मऊ होत नाही, असं डॉक्टर हेर्लेकर बाईंनी स्पष्ट सांगितलं आणि एक गोळी वाढवली.

एका सोमवारी नीलाक्षीची दुपारची पाळी होती, म्हणून सकाळी ती घरी होती. बाहेर सिग्नल लाल झाला. पहिला टेम्पो खिडकीसमोर येऊन थांबला, त्यामागे दुसरा. अण्णांनी खिडकी लावून घेतली, पलंगाच्या चाकांची कळ पायाने उघडली आणि आईला मागच्या खोलीत ढकलत नेलं. मग दोन खोल्यांच्या मधल्या दारात खुर्ची टाकून, पाय पसरून बसले. नाक्यावर बसायचे, तसे.

अर्ध्या तासाने घरघर विरत गेली. शेवटचा ट्रॅक्टर पुढे निघाला. हवा निवळायला आणखी थोडा वेळ द्यावा लागतो, हे आता घरात सगळ्यांना माहीत होतं. अण्णा तेवढा वेळ बसून राहिले.

आतून आवाज आला. "नाकेदार, सोडताय का?"

"माल काय आहे?"

"एक म्हातारी. वापरलेली."

अण्णांनी पलंगाखाली वाकून पाहिल्यासारखं केलं.

"जकात माफ," ते म्हणाले, आणि खुर्ची बाजूला घेतली.